सन्मान सर्वांचा, पण मुलींच्या पदकाची किंमत मोजून नव्हे!

२०१५ च्या हिवाळी हंगामाच्या आरंभी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पुरुष जलतरण संघात स्कायलर बेलर हे नाव दाखल झाले, तेव्हा तिकडच्या वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाहिन्यांनी त्याची दखल एखाद्या जागतिक विक्रमासारखी घेतली. विक्रम मात्र वेळेचा नव्हता. मुलगी म्हणून जन्मलेला, मुलींच्या स्पर्धांत नावारूपाला आलेला आणि हार्वर्डच्या महिला संघासाठी निवडला गेलेला हा खेळाडू आपण पुरुष आहोत असे जाहीर करून पुरुषांच्या संघात उतरला होता. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या अव्वल श्रेणीत उघडपणे असे करणारे बेलर हे पहिले पारलिंगी जलतरणपटू. २०१९ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि महाविद्यालयीन पोहणे संपले. पुढे व्याख्याने, मुलाखती आणि पुस्तके सुरू झाली. २०२१ मध्ये कुमारांसाठी कादंबरी आली, २०२३ मध्ये लिंगभावावरचे पुस्तक आले. तृतीयपंथीयांना खेळात, शाळेत, सर्वत्र त्यांनी सांगितलेल्या ओळखीनुसारच प्रवेश मिळाला पाहिजे, या भूमिकेचे ते आज अमेरिकेतील एक आघाडीचे प्रवक्ते आहेत.

या कारकिर्दीत आदर वाटावा असे बरेच आहे, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. परंतु तिच्या आधारे जो निष्कर्ष जगाच्या गळी उतरवला जात आहे, त्याला ठाम विरोध करणेही तितकेच आवश्यक आहे. कारण ही कारकीर्द नीट वाचली, तर ती त्या निष्कर्षाच्या बाजूने साक्ष देत नाही. ती त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

ज्याने काही घेतले नाही, त्याला कोण अडवणार?

बेलर यांचे बालपण व्हर्जिनिया राज्यात गेले. आईच्या बाजूने कुटुंब कोरियन वंशाचे. पोहणे लहानपणापासून. ब्रेस्टस्ट्रोक प्रकारात देशातील अग्रगण्य मुलींमध्ये गणना. पुढे जिने ऑलिम्पिकमध्ये नऊ सुवर्णपदके मिळवली ती केटी लेडेकी याच क्लबची; तिच्यासोबत रिले शर्यतीत वयोगटाचा राष्ट्रीय विक्रम करणाऱ्या चौघींत बेलर यांचा समावेश होता. सायकल अपघातात पाठीचा कणाही मोडला होता. त्यातून उठल्यावर मनाची पडझड सुरू झाली, अन्नाचे विकार जडले. हार्वर्डचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून उपचार घ्यावे लागले, आणि त्याच काळात आपल्या अस्वस्थतेचे मूळ कशात आहे हे त्यांना उमगले, असे ते सांगतात.

विद्यापीठाने दोन्ही संघांची दारे उघडी ठेवली. महिला संघात राहिले असते तर राष्ट्रीय पातळीवरील पदकांची आशा होती. पुरुष संघात गेल्यास ती आशा सोडावी लागणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ती सोडली. पुरुष संप्रेरकाचे उपचार घेऊन, चार वर्षे कसून सराव करून ते पुरुषांत पोहले. आपला क्रमांक त्यांनी हळूहळू सुधारला, पण राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या विजयमंचावर ते कधी पोहोचले नाहीत. आणि त्याबद्दल त्यांनी कुरकूरही केली नाही.

एखाद्याने आपल्या मनाशी प्रामाणिक राहण्यासाठी स्वतःच्या पदकाचे मोल मोजले, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण काय? त्यांच्या संघसहकाऱ्यांनी त्यांना आपले मानले. कोणा पुरुषाची संधी हिरावली गेली अशी ओरड झाली नाही. का झाली नाही? याचे उत्तर मुंबईच्या लोकलमधून रोज प्रवास करणारी कोणतीही गृहिणी देईल. सर्वसाधारण डब्यात स्त्री चढली तर तिला कोणी अडवत नाही, कारण तो डबा सर्वांचाच आहे. महिलांच्या डब्याबाबत मात्र नियम आहे, कारण तो राखून ठेवलेला आहे. तो राखला नाही, तर गर्दीच्या वेळी तिला गाडीत पायही ठेवता येणार नाही. क्रीडाक्षेत्रातील महिला गट हा असाच राखलेला डबा आहे. बेलर सर्वसाधारण डब्यात चढले. त्यांच्या प्रवासाचा दाखला देऊन राखीव डब्याचा फलक काढून टाका, असे म्हणणे हा तर्क नव्हे, तर्कदुष्टता आहे.

पाण्याचे गणित

महिला गट का राखावा लागतो, याचे उत्तर कोणत्याही विचारसरणीत शोधण्याची गरज नाही. घड्याळ पुरेसे आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये चीनच्या पान झानले याने १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.४० सेकंदांत पार केली. महिलांचा या शर्यतीतील जागतिक विक्रम स्वीडनच्या सारा शोस्ट्रम हिने २०१७ मध्ये केला, तो ५१.७१ सेकंदांचा. दोघे एकाच वेळी पाण्यात उतरले असे मानले, तर पुरुष भिंतीला हात लावतो त्या क्षणी जगातील सर्वांत वेगवान स्त्री सुमारे दहा मीटर मागे असेल.

खुद्द लेडेकीचे उदाहरण पाहा. लांब पल्ल्याच्या जलतरणात तिच्यासारखी स्त्री जगाने पाहिलेली नाही. १५०० मीटरमध्ये तिने २०१८ साली १५ मिनिटे २०.४८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. पॅरिस ऑलिम्पिकसाठी पुरुषांच्या याच शर्यतीची पात्रता वेळ होती १५ मिनिटे ००.९९ सेकंद. म्हणजे महिला गट अस्तित्वात नसता, तर नऊ सुवर्णपदकांच्या या मानकरीला तिच्या सर्वोत्तम वेळेनिशीही या शर्यतीत प्रवेश मिळाला नसता! यात तिच्या कष्टाची कमतरता नाही. पौगंडावस्थेत पुरुषदेहाला मिळणारी उंची, हाडांची लांबी, फुप्फुसांची व हृदयाची क्षमता, स्नायूंचा भार या सर्वांचा तो हिशेब आहे.

यावर बेलर आणि त्यांचे सहविचारी म्हणतात की, शरीरे भिन्नच असतात. मायकेल फेल्प्सचे हात त्याच्या उंचीपेक्षा लांब होते, त्याला कोणी बाद केले का? प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. पण फेल्प्सचा लाभ हा त्याच्या गटातील लाभ होता. गट कशासाठी असतात, हे कोल्हापूरच्या तालमीतील पोरगाही जाणतो. वजनगट असतात, वयोगट असतात, तसेच स्त्री व पुरुष असे गट असतात. गटाच्या आत निसर्गाचे देणे ज्याचे त्याचे. गटाची सीमा मात्र सर्वांना सारखी. पॅरिसमध्येच आपल्या विनेश फोगाटला पन्नास किलो गटाची अंतिम कुस्ती खेळता आली नाही, कारण त्या सकाळी तिचे वजन शंभर ग्रॅम अधिक भरले. क्रीडा लवादानेही तिचे अपील फेटाळले. भारतीय कन्येच्या शंभर ग्रॅमपुढे इतके कठोर होणारे क्रीडाविश्व पुरुषदेहाच्या संपूर्ण पौगंडाकडे डोळेझाक करू शकते काय?

सतरावा क्रमांक

१७ मार्च २०२२ रोजी अटलांटा येथे अमेरिकी महाविद्यालयीन अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची ५०० यार्ड फ्रीस्टाइल शर्यत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिया थॉमस यांनी ४ मिनिटे ३३.२४ सेकंदांत जिंकली. थॉमस त्याआधी तीन हंगाम त्याच विद्यापीठाच्या पुरुष संघातून पोहत होत्या. मे २०१९ मध्ये त्यांनी संप्रेरक उपचार सुरू केले आणि २०२१ च्या हंगामात महिला संघात प्रवेश घेतला. हे सारे तत्कालीन नियमांना धरून होते. थॉमस यांनी कोणतीही लबाडी केली नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दोष नियमाचा होता आणि तो नियम करणाऱ्यांचा होता.

पुरुष संघात असताना या शर्यतीत थॉमस यांची सर्वोत्तम वेळ ४ मिनिटे १८.७२ सेकंद होती. उपचारांनंतर ती चौदा सेकंदांहून अधिक मंदावली. समर्थक हे आवर्जून सांगतात, आणि लेडेकीचा विक्रम नऊ सेकंदांनी अबाधित राहिला, हेही सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण वेळ मंदावली का, हा प्रश्नच नव्हता. पुरेशी मंदावली का, हा प्रश्न होता. एम्मा हिल्टन व टॉमी लुंडबर्ग या संशोधकांनी २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बारा महिने संप्रेरक दाबूनही स्नायूंचा भार सुमारे पाच टक्केच घटतो, असे त्यांना आढळले. उंची आणि हाडे तर घटतच नाहीत. अव्वल खेळाडूंवरील प्रत्यक्ष अभ्यास अद्याप थोडे आहेत, हे मान्य. मग जोपर्यंत शंका आहे, तोपर्यंत तिचा भुर्दंड कोणी सोसावा? ज्यांच्यासाठी गट निर्माण झाला त्या मुलींनी?

त्या शर्यतीत दुसरी आलेली एम्मा वेयंट ही टोकियो ऑलिम्पिकची रौप्यपदक विजेती. तिचे नाव वृत्तपत्रांत आले. आम्हाला अधिक अस्वस्थ करते ते दुसरेच नाव. हंगेरीची रेका ग्यॉर्गी ही व्हर्जिनिया टेककडून पोहणारी ऑलिम्पिकपटू. प्राथमिक फेरीत ती सतरावी आली. सायंकाळच्या फेऱ्यांत सोळांनाच प्रवेश असतो. तिची ती अखेरची महाविद्यालयीन स्पर्धा होती. तिने क्रीडा संघटनेला पत्र लिहिले. थॉमस यांच्याविषयी आदर व्यक्त करून तिने नियमाला दोष दिला. सतराव्या क्रमांकाचे छायाचित्र कोणी काढत नाही. पण पहाटे चारला उठून, हाडे गोठवणाऱ्या थंडीत वर्षानुवर्षे पाण्यात उतरलेल्या मुलीचे आयुष्य त्या एका क्रमांकात सामावलेले असते. 'सर्वसमावेशकता' या गोंडस शब्दाच्या हिशेबवहीत या मुलीचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे?

दुसऱ्याच दिवशी २०० यार्ड शर्यतीत केंटकी विद्यापीठाची रायली गेन्स आणि थॉमस यांची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी, १ मिनिट ४३.४० सेकंद, भरली. दोघी पाचव्या. पाचव्या क्रमांकाचा करंडक हाताशी एकच होता. तो थॉमस यांच्या हाती देण्यात आला आणि गेन्सला सांगण्यात आले, तुझा टपालाने येईल.

या काळात बेलर थॉमस यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. येथेच त्यांच्या कारकिर्दीतील अंतर्विरोध उघडा पडतो. स्वतः त्यांनी जो मार्ग निवडला त्यात त्याग होता आणि तो त्यांचा स्वतःचा होता. ज्या मार्गाचे ते समर्थन करतात त्यातही त्याग आहे. पण तो दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलीने करायचा आहे.

गप्प बसवलेल्या मुली

फेब्रुवारी २०२२ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघातील सोळा मुलींच्या वतीने एक पत्र विद्यापीठाला पाठवण्यात आले. थॉमस यांच्या व्यक्तिगत निर्णयाला त्यांचा पाठिंबा होता. आक्षेप होता तो महिला गटातील सहभागाला. पत्रावर एकीचेही नाव नव्हते. ते पाठवले १९८४ ची ऑलिम्पिक विजेती नॅन्सी हॉग्सहेड-मकार हिने. मतस्वातंत्र्याची दीक्षा जगाला देणाऱ्या देशात, नामांकित विद्यापीठातील सुशिक्षित तरुणींना आपले म्हणणे निनावी मांडावे लागले! आपण बोललो तर द्वेष्ट्या ठरू, नोकरीला मुकू, ही भीती त्यांना होती. ज्या विचाराला प्रश्न सहन होत नाहीत, तो विचार राहत नाही. त्याचा पंथ होतो.

जलतरणाला हे नवे नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या मुलींनी जलतरणाच्या तेरापैकी अकरा सुवर्णपदके लुटली. त्यांचे स्नायू आणि खर्जातले आवाज पाहून अमेरिकेच्या शर्ली बाबाशॉफने उघडपणे शंका घेतली. तिच्या वाट्याला आली चार रौप्यपदके आणि 'तुसडी शर्ली' ही पदवी. तिच्याच देशातील पत्रकारांनी तिला हार न पचवणारी ठरवले. बर्लिनची भिंत कोसळल्यावर कागदपत्रे बाहेर आली. साम्यवादी शासनाने कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वे म्हणून पुरुषी संप्रेरकाच्या गोळ्या खाऊ घातल्या होत्या. त्या मुलीही बळीच होत्या. त्यांच्यापैकी अनेकींची शरीरे कायमची बिघडली. २००० साली तेथील क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड दोषी ठरला. पण शर्लीची सुवर्णपदके तिला कधी मिळाली नाहीत. तो राज्यपुरस्कृत अपराध होता आणि आजचा प्रश्न तसा नाही. तथापि, पुरुषी संप्रेरक पाण्यात काय घडवते आणि ते बोलून दाखवणाऱ्या मुलीचे काय होते, हे दोन्ही धडे क्रीडाजगताला पन्नास वर्षांपूर्वीच मिळाले होते.

अखेर शहाणपण आले. जून २०२२ मध्ये बुडापेस्ट येथे जागतिक जलतरण संघटनेने ७१.५ टक्के मतांनी ठरवले की, पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्यांना महिला गटात प्रवेश नाही. २०२४ मध्ये या नियमाविरुद्धची थॉमस यांची याचिका क्रीडा लवादाने दाद मागण्याच्या अधिकाराच्या मुद्द्यावर फेटाळली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश निघाला आणि दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयीन संघटनेने आपला नियम बदलला. जुलैमध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या विक्रमांच्या नोंदी दुरुस्त करण्याचे आणि बाधित मुलींची क्षमा मागण्याचे मान्य केले. मुलींच्या तक्रारीने जे तीन वर्षांत झाले नाही, ते सत्ताबदलाने काही महिन्यांत झाले. न्यायबुद्धीपेक्षा वाऱ्याची दिशा ओळखण्यात ही विद्यापीठे अधिक निष्णात आहेत, असे म्हणावे काय?

आणि हाच पश्चिमेचा स्वभाव आहे. लंबक एका टोकाला जातो, मग दुसऱ्या टोकाला. काल जेथे मुलींना बोलण्याची बंदी होती, तेथेच २०२५ मध्ये लष्करात निष्ठेने सेवा करणाऱ्या तृतीयपंथीयांना बाहेर काढण्याचा हुकूम निघाला. मधला मार्ग त्या संस्कृतीला सापडत नाही, कारण तिच्या विचाराच्या केंद्रस्थानी एकटी व्यक्ती आणि तिचा हक्क आहे. कुटुंब, समाज आणि परस्परांविषयीचे कर्तव्य यांना तेथे दुय्यम स्थान.

आपला मार्ग कोणता?

आपल्याकडील पुरोगामी म्हणवणारी मंडळी हे भांडण जसेच्या तसे आयात करू पाहत आहेत. महिला गटाविषयी प्रश्न विचारला की, तुम्ही तृतीयपंथीयांचे शत्रू, असा शिक्का तयार असतो. हा शिक्का आम्हाला लागू पडत नाही. विराटाच्या राजवाड्यात बृहन्नडेला उत्तरेची गुरू म्हणून मान मिळाला, तो ज्या महाभारतात, ते आमच्या देवघरात आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जगही डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या जोगत्याच्या पायावर आमच्या आयाबायांनी पाणी घातले आहे. या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवून त्याची नोंदवही ठेवणारा १८७१ चा कायदा इंग्रजांनी केला, आमच्या स्मृतिकारांनी नव्हे. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला किन्नर आखाडा २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात अवतरला आणि २०१९ च्या प्रयागराज कुंभात जुन्या आखाड्यासोबत शाही स्नानाला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीय लिंगाला मान्यता दिली, २०१९ मध्ये संसदेने संरक्षणाचा कायदा केला. हे लोक समाजाचेच अंग आहेत, त्यांना सन्मानाने जगता आले पाहिजे, ही भूमिका पूजनीय सरसंघचालकांनी जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत निःसंदिग्धपणे मांडली.

परंतु परंपरेचा दाखला देऊन आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्या सोसायटीत किन्नराला भाड्याने घर मिळते का? पोटचे लेकरू 'वेगळे' निघाले, तर किती घरे त्याला उंबऱ्याच्या आत ठेवतात? बेलर यांच्या आईवडिलांनी आपल्या मुलाला टाकले नाही, उपचारांच्या काळात ते पाठीशी राहिले. एवढा एक धडा तरी त्या कहाणीतून आपण निःसंकोच घ्यावा. ज्याला घरात ताट मिळते, त्याला चौकात हात पसरावा लागत नाही.

आणखी एक भान ठेवले पाहिजे. तमिळनाडूतील वीटभट्टी मजुरांची मुलगी शांती सौंदरराजन हिचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेतील रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले आणि तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. ओडिशाच्या द्युती चंदला २०१४ मध्ये संघाबाहेर ठेवले गेले. २०१५ मध्ये लवादाने तिला दिलासा दिला. या मुली जन्मापासून मुली म्हणूनच वाढल्या होत्या. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, वैद्यकीय आहे, आणि थॉमस प्रकरणाशी त्याची सरमिसळ करणे हा अन्याय आहे. महिला गटाच्या रक्षणासाठी चाचणी करावी लागलीच, तर ती स्पर्धेपूर्वी, संपूर्ण गोपनीयतेने आणि मुलीची मान खाली जाणार नाही अशा रीतीने झाली पाहिजे. मुलींचे रक्षण करण्याच्या नावाखाली मुलींचीच विटंबना होणार असेल, तर ते रक्षण कसले?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. महिला गट स्त्रीदेहाच्या निकषावर राखला जावा. आपल्या क्रीडा महासंघांनी, शाळा-महाविद्यालयांनी वाद उद्भवण्याची वाट न पाहता तसे स्पष्ट नियम करावेत. जो सर्वसाधारण गट आहे तो खऱ्या अर्थाने सर्वांचा व्हावा, तेथे कोणाची टवाळी होऊ नये. जागतिक जलतरण संघटनेने २०२३ मध्ये बर्लिन येथे खुला गट ठेवला, त्याला एकही प्रवेशिका आली नाही. संख्या थोडी, हे त्याचे कारण असेल. पण समावेशकतेचा जेवढा घोष महिला गटाच्या दाराशी झाला, तेवढा आवाज या खुल्या गटासाठी उठला असता, तर बेलर यांच्यासारख्यांची कारकीर्द अधिक सार्थकी लागली असती.

उद्या पहाटे आपल्यापैकी कोणी तरी आपल्या लेकीला दुचाकीवर मागे बसवून तरणतलावावर नेईल. ती तिथे पाच वर्षे, दहा वर्षे घाम गाळील; तो घाम पाण्यात दिसणारही नाही. त्या बदल्यात ती समाजाकडे एकच गोष्ट मागते, शर्यत न्यायाची असावी. तिला तो शब्द देणे आणि त्याच वेळी तलावाच्या कडेला बिचकत उभ्या असलेल्या वेगळ्या लेकराला, 'ये, तुलाही पोहायला जागा आहे,' असे म्हणणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच घराची आहेत. ती एकत्र निभावणाऱ्या समाजालाच कुटुंब हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आहे.